आव्हान की आवाहन? बुवांना द्यायचे काय आणि करायचे काय

प्रश्न असा आहे: "गावातल्या चमत्कार-सादरीकरणाच्या कार्यक्रमाच्या फलकावर 'चमत्कार सिद्ध करा, 21 लाख रुपये मिळवा. भोंदूबुवांना जाहीर आवाहन' असे रंगवले होते. आमच्या एका शिक्षकांनी ते पुसून 'आव्हान' करायला लावले. दुसरे शिक्षक म्हणाले, मूळ शब्द 'आह्वान', तेव्हा तुमचे दोन्ही चूक. खरे काय?"

फलकापुरते उत्तर सोपे आहे. पुसायला लावणारे शिक्षक बरोबर. तिथे 'आव्हान'च हवे. पण दुसऱ्या शिक्षकांनी काढलेला मुद्दा सोडून द्यावा असा नाही.

संस्कृतात 'ह्वे' म्हणजे हाक मारणे. त्याला 'आ' लागून आह्वान. हाक कशासाठी मारली, हे त्या नामावरून कळत नाही. जेवायला बोलावणे, देवतेला बोलावणे, न्यायसभेत हजर व्हायला बोलावणे, लढायला बोलावणे, ही सगळी आह्वानेच. क्रियापदात मात्र पाणिनीने फरक नोंदवला आहे. 'स्पर्धायामाङः' (1.3.31): 'आ' लागलेला हा धातू चुरशीच्या अर्थाने आला तर तो आत्मनेपदी, म्हणजे 'ति'ऐवजी 'ते' लावून, चालवायचा. काशिकावृत्ती या पाणिनीच्या सूत्रांवरच्या जुन्या टीकेत याची उदाहरणे आहेत. गवळी गायीला हाक मारतो, तेव्हा 'गामाह्वयति गोपालः'. मल्ल मल्लाला ललकारतो, तेव्हा 'मल्लो मल्लमाह्वयते'. नुसत्या 'ति' आणि 'ते'ने गोठा आणि आखाडा वेगळे केले! मला जी मोजकी सूत्रे पाठ आहेत त्यांतले हे एक, आणि तेही त्या गायीमुळे.

मराठीत आत्मनेपद आले नाही, नाम तेवढे आले. येताना 'ह्व'चा 'व्ह' झाला. जिह्वेची जिव्हा, आह्लादाचा आल्हाद, प्रह्लादाचा प्रल्हाद झाला त्याच वाटेने. शेजारच्या दोन वर्णांच्या या अदलाबदलीला वर्णविपर्यय म्हणतात. 'व्ह' आपल्या जिभेच्या सवयीचा आहे. केव्हा, जेव्हा, चव्हाण हे म्हणताना कुणी अडखळत नाही. त्यामुळे मराठीत 'आव्हान' हे शुद्धच आहे. ते दुरुस्त करून 'आह्वान' लिहिणे म्हणजे प्रल्हादकाकांना प्रह्लादकाका म्हणण्यासारखे. शिवाय त्यात एक धोका आहे. हिंदीत 'आह्वान' चालतो, पण बहुधा साद घालणे, हाक देणे या अर्थाने. ललकारायला त्यांच्याकडे 'चुनौती' आहे. हिंदी बातम्या ऐकून मराठी लिहिणाऱ्यांचा घोळ होतो तो इथे.

'आवाहन' हा निराळ्याच धातूचा. 'वह्' म्हणजे वाहणे, त्याच्या प्रयोजक रूपापासून आवाहन, म्हणजे जवळ आणवणे. षोडशोपचार पूजेतला हा पहिला उपचार. अक्षता वाहून 'आवाहयामि' म्हणायचे, देवता आली असे मानायचे आणि मग तिला आसन द्यायचे. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर गौरी आवाहन असते. (दरवर्षी दोन-तीन नातेवाईक मोबाईलवर 'आज गौरी आव्हान' असा निरोप पाठवतात. मग मला पदर खोचून उभ्या राहिलेल्या गौरी दिसतात.) पूजेतला हा शब्द पुढे सार्वजनिक जीवनात आला आणि 'कळकळीची विनंती' झाला. रक्तदानाचे आवाहन, शांतता राखण्याचे आवाहन.

दोन्ही शब्दांत आ, व, ह, न ही अक्षरे त्याच क्रमाने आहेत. फरक पडतो तो काना कुठे बसतो त्याने. म्हणून नुसते कानावर विसंबू नये, सोबतचे क्रियापद पाहावे. आवाहन *करतात*. आव्हान *देतात*, आणि समोरचा ते स्वीकारतो, पेलतो किंवा टाळतो. 'आव्हान केले' असे कुठे दिसले की लिहिणाऱ्याच्या मनात दोन शब्दांची टक्कर झाली आहे असे समजावे.

आता बुवांकडे वळू. आवाहन हा खरे तर त्यांचाच धंदा: देवीचे, पितरांचे, कुणाच्या अंगात येणाऱ्याचे. तिथे आलेल्याने शंका घ्यायची नसते. त्यांची भाषाही तशीच: 'प्रचीती येते'. येते, म्हणजे आपण काही करायचे नाही, ती आपोआप येणार. नाही आली तर भक्त कमी पडला. याउलट पडताळा आपण पाहतो किंवा घेतो. आव्हान हे या पडताळ्याचे जाहीर रूप, आणि त्याला अटी असतात. दावा आधी लेखी द्यायचा, काय घडले म्हणजे जिंकले हे आधी ठरवायचे, हातचलाखीला वाव राहणार नाही अशी मांडणी दोघांनी मान्य करायची. अमेरिकेत जेम्स रँडी या जादूगाराने 1964 मध्ये स्वतःचे 1000 डॉलर लावून सुरू केलेले बक्षीस पुढे 10 लाख डॉलरवर गेले. ते 2015 मध्ये बंद होईपर्यंत कुणालाही जिंकता आले नाही.

2023 च्या जानेवारीत नागपुरात अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतले श्याम मानव यांनी, दरबार भरवून लोकांच्या मनातले ओळखण्याचा दावा करणाऱ्या बागेश्वर धामच्या धीरेंद्र शास्त्रींना 30 लाखांचे आव्हान दिले. त्यावर शास्त्रींकडून रायपूरच्या दरबारात येण्याचे निमंत्रण आले. शब्दांच्या दृष्टीने मला हे फार मजेचे वाटले. समोरून आले आव्हान, परत गेले आमंत्रण. दरबारात मांडणी दरबाराचीच असणार. शब्द बदलला की जागा बदलते आणि अटीही बदलतात.

उलट बाजूचे उदाहरणही सांगतो, म्हणजे 'चाचणी आली की आव्हान' असा ठोकताळा कुणी करणार नाही. 2008 मध्ये जयंत नारळीकरांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या मदतीने फलज्योतिषाची चाचणी घेतली. 100 हुशार आणि 100 मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. ज्योतिषांना, या आणि भाग घ्या, असे जाहीरपणे सांगितले. प्रत्येकाला 40 पत्रिका द्यायच्या, त्यांनी कुठली कोणाची ते ओळखायचे. 27 जणांची उत्तरे आली आणि सरासरी 46 टक्के बरोबर निघाली. नाणे उडवले असते तरी 50 च्या आसपास आली असती. यात ललकारी नव्हती, पैज नव्हती. ते आवाहनच होते. त्या वेळी कुणी 'आव्हान' लिहिले असेल तर मी त्यावर लाल शाई चालवली असती.

एकाच पत्रकात दोन्ही शब्द येऊ शकतात, आणि यायलाही हवेत: बुवांना आव्हान, लोकांना आवाहन. 'बुवांना चाचणीला येण्याचे आवाहन' हेही व्याकरणाने चूक नाही, फक्त सूर नरम होतो. तुमच्या फलकावर 21 लाख लावलेले आहेत आणि वर 'भोंदू' म्हटले आहे. एवढे करून विनंतीचा सूर लावणे विचित्र दिसते.

राहता राहिले एक. बोलीत आपण 'आव्हान' म्हणतच नाही. पारावर, माळरानावर, भांडणात मराठी माणूस क्रियापदाला '-ऊन दाखव' जोडतो. करून दाखव, उचलून दाखव, अंगाऱ्याने बरा करून दाखव. मूळचे केरळचे आणि श्रीलंकेत स्थायिक झालेले बुद्धिवादी अब्राहम कोवूर यांनी 1963 मध्ये एक लाख रुपयांचे आव्हान जाहीर केले, तेव्हा करून दाखवायच्या चमत्कारांच्या यादीत एक कृती होती: बंद पाकिटातल्या नोटेचा क्रमांक सांगणे. तीच आपण साध्या मराठीत म्हटली तर वाक्य होते, 'नोटेचा नंबर वाचून दाखव'. 'आजीला पत्र वाचून दाखव' मधले 'वाचून दाखव' हेच. अक्षर तेच, मात्राही तीच. इथे फरक करायला पाणिनीचा 'ते' नाही की नेमके क्रियापद नाही. तो म्हणणाऱ्याच्या आवाजात असतो, आणि फलकावर आवाज रंगवता येत नाही. म्हणून तिथे 'आव्हान' लिहावे लागते, काना 'व्ह'ला लावून.