शक्ती असलेली पोरं आणि मागे लागलेला पंथ : व्हिलन कार्टून का वाटतो?

तुझी गोष्ट मला समजली ती अशी, चुकत असेन तर सांग. घाटावरची निवासी शाळा, पाच पोरं, वय चौदा ते सोळा, एकाला दुसऱ्याच्या मनातलं ऐकू येतं, एकीला पुढचं दिसतं, एक वस्तू हलवतो वगैरे, आणि त्यांना शोधून बळी देणारा एक कट्टर पंथ, काळे झगे, मशाली, मंत्र. ज्यांना वाचायला दिलंस ते म्हणाले पोरं छान जमलीत पण पंथ आला की हसू येतं. आणि तू विचारतोयस की पंथ भीतीदायक करायला अजून दोन-तीन खून टाकू का.

नको टाकूस. खुनांनी काही होणार नाही, कारण प्रॉब्लेम तो नाहीचे. तुझा पंथ फक्त रात्री अस्तित्वात असतो. सोमवारी सकाळी हे लोक काय करतात, त्यांचं लाइट बिल कोण भरतं, त्यांच्या घरात पोरं आहेत का, ती कुठल्या शाळेत जातात, यातलं काहीच तुला माहीत नाही असं वाचताना जाणवतं. आणि जो माणूस फक्त रात्री झगा घालून येतो त्याची भीती वयाच्या दहाव्या वर्षापर्यंतच वाटते.

या प्रकारातलं माझ्या मते सगळ्यात जमलेलं पुस्तक १९५५ चं आहे, जॉन विंडमचं 'द क्रिसलिड्स'. आजकालच्या टीन पॅरानॉर्मल मालिकांच्या कितीतरी आधीचं, पण मांडणी अगदी तुझीच, म्हणजे एकमेकांच्या मनाशी बोलू शकणारी मुलं आणि त्यांना संपवायला निघालेला धर्मवेडा समाज. खाली सगळा शेवट फुटणार आहे, वाचायचं असेल तर आधी वाच आणि मग ये.

जग जळून गेल्यानंतर शेकडो वर्षांनी कॅनडाच्या लॅब्राडोरमध्ये वॅकनुक नावाचं शेतकरी गाव आहे. तिथे जे जसं असायला हवं तसं नाही ते सैतानाचं. दोन डोक्यांचं वासरू जन्मलं तर मारायचं, पीक वेगळं उगवलं तर शेत जाळायचं, आणि माणसाच्या पोटी वेगळं मूल आलं तर ते माणूसच नाही. नायक डेव्हिड आणि त्याच्यासारखी आणखी काही मुलं मनातून बोलतात, बाहेरून बघितलं तर शंभर टक्के नॉर्मल. आता गंमत बघ, या पुस्तकात पंथाचं वेगळं ऑफिस नाही, मुख्यालय नाही, झगा नाही. पंथाचा सगळ्यात कडवा माणूस म्हणजे डेव्हिडचा बाप, आणि धर्मवचनं लिहिलेल्या लाकडी पाट्या लागल्यात त्या यांच्याच घरातल्या भिंतीवर. जेवताना समोर दिसतात.

एक प्रसंग सांगतो. डेव्हिडच्या हाताला लागलंय आणि तो एका हाताने पट्टी बांधायची खटपट करतोय, आणि सहज बोलून जातो की अजून एक हात असता तर जमलं असतं मला. बस. एवढंच. घरात एकदम शांतता, आणि बाप उठून उभा, की तू देवाने दिलेल्या रूपात खोट काढलीस, तिसरा हात मागितलास. पोराला गुडघ्यावर बसवून माफी मागायला लावतात. यात ना खून ना रक्त, पण त्या क्षणापासून वाचणाऱ्याला कळतं की या घरात खरी गोष्ट बाहेर आली तर काय होईल. तुझ्या पहिल्या तीस पानांत असा एक तरी प्रसंग हवा, आणि तो स्वयंपाकघरात हवा, गुहेत नको.

दुसरा प्रसंग तर मी कुणाला सांगतानाही जरा थांबतो. डेव्हिडला बहीण होते, पेट्रा. पण सरकारी इन्स्पेक्टर येऊन बाळ तपासून 'हे माणूस आहे' असं सर्टिफिकेट देईपर्यंत घरात बाळ झालंय हे कुणी बोलायचंच नाही. रडण्याचा आवाज येतोय आणि सगळे आपापली कामं करतायत. त्याच सुमाराला मावशी येते, हॅरिएट. तिचंही बाळ लहान आहे, त्याच्यात काहीतरी छोटीशी खोट आहे, आधीची दोन अशीच गेली. ती सख्ख्या बहिणीला विनवते की तुझं बाळ एक दिवस दे, माझं म्हणून दाखवते आणि सर्टिफिकेट घेते. बहीण नाही म्हणते. बाप तिला पाप सुनावतो. नंतर कळतं की मावशीचं प्रेत नदीत सापडलं. बाळाचं नाव कुणी काढत नाही.

यात शिकारी कोण आहे सांग. इन्स्पेक्टर तर त्यातल्या त्यात बरा माणूस आहे. मारणारी यंत्रणा म्हणजे एक फॉर्म, एक शिक्का आणि घाबरलेली बहीण. तुझे मशालवाले याच्यासमोर टिकतील का?

आणि बाप असा का हेही विंडमने सोडलं नाही. बापाला एक मोठा भाऊ होता, हातपाय लांबलचक वाढलेला, म्हणून त्याला वगळलं आणि सीमेपलीकडे हाकललं, आणि वॅकनुकची जमीन धाकट्याला मिळाली. म्हणजे 'वेगळा तो माणूस नाही' हा नियम रद्द झाला तर शेताचा मालक बदलतो. धर्म आणि सातबारा एकाच खिशात. लेखक हे एकदाही छातीठोक सांगत बसत नाही, पण तू जोडून घेतोस आणि मग त्या माणसाचा प्रत्येक उपदेश वेगळा ऐकू येतो.

इथे आपल्याकडचं येतं. तू गोष्ट महाराष्ट्रात घडवतोयस ना, मग तुला शिकार शोधायला परदेशी पंथ कशाला हवा. नंदुरबारकडे सातपुड्यात बाईला डाकीण ठरवण्याचे प्रकार झालेत, गावात कुणी आजारी पडलं, गुरं मेली की एखाद्या बाईकडे बोट, आणि बोट दाखवणारे बहुतेकदा नात्यातले किंवा शेजारचे, मागे जमिनीचं नाहीतर घरातलं जुनं भांडण. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यात एखाद्याला करणी करणारा किंवा भुताळी ठरवून छळणं हा गुन्हा आहे, चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं हाही गुन्हा आहे, शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दखलपात्र आणि अजामीनपात्र. शिवाय पोलिसांत दक्षता अधिकारी ठेवायची तरतूद आहे. तुझ्या सातव्या प्रकरणात तक्रार घेऊन आलेल्या पोरांना पोलीस इन्स्पेक्टर हसून हाकलतो, ते मला नाही पटलं. त्यापेक्षा त्याला कायदा माहीत असू दे आणि त्याची अडचण ही असू दे की पोरांनी तोंड उघडलं तर 'आम्हाला शक्ती आहे' असा दावा पोरंच करणार! तक्रारदारच आरोपीसारखे दिसायला लागतील. हा पेच तुला फुकट मिळतोय, घे.

आता पंथाला मुलं हवीत कशाला. बळी देऊन त्यांना काय मिळणार याचं तुझ्याकडे उत्तर नाही, 'प्राचीन भाकीत' हे उत्तर नव्हे. खऱ्या जगात बघ. जपानचा ओम शिनरिक्यो हा पंथ, ज्यांनी २० मार्च १९९५ ला टोकियोच्या मेट्रोत सरीन हा विषारी वायू सोडला, त्यांची सुरुवात १९८० च्या दशकात एका योगवर्गातून झाली. गुरू असाहाराचा हवेत तरंगतानाचा म्हणून फोटो मासिकात छापून आला होता आणि तरुण पोरं यायची ती आपल्यालाही शक्ती मिळेल म्हणून. अडाणी नाही हं, सायन्स शिकलेली. वायू सोडणाऱ्या पाच जणांत एक हृदयाचा सर्जन होता. पंथाविरुद्ध केस लढणाऱ्या वकिलाला, त्याच्या बायकोला आणि तान्ह्या बाळाला त्यांनी १९८९ मध्येच मारलं होतं. आणि गुरूच्या मेंदूच्या लहरींशी आपल्या लहरी जुळाव्यात म्हणून डोक्याला इलेक्ट्रोड लावलेली टोपी घालायचे, लहान मुलांनासुद्धा. पोलिसांनी नंतर त्यांच्या आश्रमातून पन्नासच्या वर मुलं बाहेर काढली.

ती टोपी घातलेली मुलगी मला तुझ्या गोष्टीत हवी आहे. पंथातच जन्मलेली, पंधरा वर्षांची, जिला आयुष्यभर सांगितलंय की तुला शक्ती येणार आणि ती काही केल्या येत नाही, आणि बाहेर पाच पोरं आहेत ज्यांना ती न मागता मिळाली. तिचा राग मला कळेल. मशालवाल्यांचा नाही कळत. म्हणजे तुझा पंथ शक्तीचा द्वेष करणारा नसून शक्तीसाठी भुकेलेला असू दे, आणि 'ही शक्ती आमच्या मार्गाने आली नाही म्हणून ती अशुद्ध' असं त्यांचं तर्कशास्त्र. असे लोक मी रोज लोकलमध्ये बघतो.

मग ते पोरांना शोधतात कसे? तुझ्याकडे 'त्यांना जाणवतं' असं लिहिलंय, हे तर अगदीच सोप्पं झालं. १९३० च्या दशकात अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात जे. बी. ऱ्हाइन नावाचा माणूस पत्त्यांवर प्रयोग करायचा. पंचवीस पत्ते, पाच चिन्हं (वर्तुळ, अधिकची खूण, लाटा, चौकोन, चांदणी), न बघता ओळखायचे. नुसत्या अंदाजाने पंचविसात सरासरी पाच बरोबर येतात. त्याच्या प्रयोगांवर पुढे भरपूर टीका झाली, पत्ते मागून दिसायचे, दुसरीकडे करून बघितलं तर तेच निकाल येईनात, त्यामुळे ते सिद्ध झालंय असं समजू नकोस. पण गोष्टीसाठी गणित मस्त आहे. समजा एका मुलीचे सरासरी पाचाऐवजी सहा येतात. एका डावात कुणाच्या बापाला कळणार नाही, तिलाही नाही. पण असे चारशे डाव कुणी वहीत लिहून ठेवले, म्हणजे दहा हजार पत्ते, तर दोन हजारांच्या जागी चोवीसशे येतात, आणि हे नशिबाने होणं जवळजवळ अशक्य. म्हणजे मुलीला माहीतच नाही की तिच्यात काही आहे, आणि वही ठेवणाऱ्याला माहीत आहे!! मला हे लिहितानाच काटा आला. तुझ्या नायिकेला भविष्य एचडीमध्ये दिसतं, त्यापेक्षा हे शंभर पटीने भारी.

आणि ती वही कुठे असेल, तर उन्हाळी शिबिरात. आपल्याकडे ते मिडब्रेन ॲक्टिव्हेशनचं खूळ आठवतंय का, डोळ्याला पट्टी बांधून पोरं वाचतात, रंग ओळखतात, पालक भरपूर फी भरून टाळ्या वाजवतात. अंनिसच्या (अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या) लोकांनी ते उघडं पाडलं, नाकाशेजारच्या फटीतून खाली दिसतं, फट नीट बंद केली की विद्या गायब. पण मला त्या पोरांबद्दल जास्त वाटतं. आईबापांनी पैसे भरलेत, समोर हॉल भरलाय, आणि आठवीतल्या पोराला ठाऊक आहे की आपण फटीतून बघतोय. तो काय बोलणार. आता अशा चाळीस जणांच्या बॅचमध्ये एकच पोरगी खरी, आणि तीही मैत्रिणींसारखी फटीतूनच बघते कारण तिला वाटतं सगळे असंच करतात. तुझं पहिलं प्रकरण इथे उघड. पंथाची ट्रस्ट आहे, शिबिर आहे, पावतीपुस्तक आहे, चहा-बिस्किटं आहेत, आणि एक अतिशय प्रेमळ मॅडम आहेत ज्या प्रत्येक मुलाचे आकडे वहीत उतरवतात. लाइट बिल कोण भरतं याचंही उत्तर मिळालं.

बाकी पटापट. पाच पोरं जास्त होतात, तीन ठेव, आग लावणारा आणि मृतांशी बोलणारा दोघं गेले तरी काही बिघडत नाही. शक्तीचा त्रास शक्तीवाल्यालाच होऊ दे. विंडमकडे सगळ्यात ताकदवान आहे ती सगळ्यात लहान पेट्रा, तिला काही कंट्रोल नाही, तिच्या घोड्यावर जनावराने हल्ला केला तेव्हा ती मनातून अशी किंचाळते की बाकीची मुलं हातातलं काम टाकून धावत सुटतात, आणि त्यातूनच लोकांना संशय येतो. आणि गटातलं कुणीतरी बाहेर पडायला बघणारं पाहिजेच. विंडमच्या पुस्तकात ॲन नावाची मुलगी साध्या मुलाच्या प्रेमात पडून ठरवते की मी हे बंद करते, मला नॉर्मल व्हायचंय. तिचं जे होतं ते तूच वाच. सोळाव्या वर्षी 'मला बाकीच्यांसारखं व्हायचंय' हे कुठल्याही पंथापेक्षा मोठं संकट असतं, आणि तुझ्या पाचापैकी एकालाही ते वाटत नाही, हे मला खटकलं.

शेवटाबद्दल तू विचारलं नाहीस तरी सांगतो. विंडमचा शेवट मला अजून पचत नाही. दूरच्या देशातून मनाशी बोलणारी प्रगत माणसं विमानासारख्या यानातून येतात, चिकट धाग्यांनी पाठलाग करणाऱ्यांना मारून टाकतात आणि वर समजावतात की ती माणसं तशीही जुनी, संपत आलेली जात होती. म्हणजे बाप जे वेगळ्या मुलांबद्दल म्हणायचा तेच, फक्त गोड आवाजात. काही लोक म्हणतात हे लेखकाने मुद्दाम केलंय, काही म्हणतात तो खरंच तसं मानायचा, मी पहिल्या बाजूचा पण पूर्ण खात्रीने नाही. तुझ्याकडे शेवटी पोरं पंथाचा आश्रम जाळतात आणि सगळे टाळ्या वाजवतात. आत ती टोपीवाली मुलगी असेल तर जाळतील का ते बघ.

सातवं प्रकरण आणि शिबिराचं नवीन पहिलं, एवढंच आधी लिहून टाक. आख्खी कादंबरी परत लिहायला बसू नकोस, दिवाळी अंकाला द्यायची आहे म्हणालास आणि संपादक शब्दमर्यादेबाबत ऐकत नाहीत. मॅडमचं नाव साधं ठेव, कुलकर्णी, पाटील, काहीही चालेल, फक्त एखाद्या खऱ्या संप्रदायाची आठवण येईल असा टिळा, घोषणा किंवा पोशाख कुठेही ठेवू नकोस, नाहीतर गोष्ट राहील बाजूला आणि कमेंटमध्ये भलतंच सुरू होईल.