‘पुल आउट ऑल द स्टॉप्स’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न: नवीन प्रॉडक्टच्या लाँचआधी आमच्या सरांनी मेल टाकला, ‘लेट्स पुल आउट ऑल द स्टॉप्स’. मला वाटलं बाकीची कामं थांबवायची, टीममधला एकजण म्हणतो उलट आहे, न थांबता काम करायचं. नक्की काय? आणि अप्रेझलमध्ये मी हे लिहू शकते का? – एक वाचक, नाशिक

उत्तर: तुमचा सहकारी अर्थाच्या जवळ पोचलाय, पण हे स्टॉप बसचे नाहीत की कामाचेही नाहीत, ते आहेत चर्चमधल्या पाइप ऑर्गनचे. त्या ऑर्गनला शेकडो नळ्या असतात आणि वाजवणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी मुठी, त्यांना म्हणतात स्टॉप. मूठ आत असली की त्या नळ्यांची हवा बंद, बाहेर ओढली की चालू, म्हणजे एक ओढली तर बासरीसारखा आवाज, दुसरी ओढली तर ट्रम्पेटसारखा, आणि सगळ्या ओढल्या तर अख्खं चर्च दणाणतं. आपल्या पेटीला पुढून ज्या खुंट्या असतात ना, त्या याच कुळातल्या, सगळ्या आत ढकलून भाता कितीही मारा, पेटी नीट बोलतच नाही. इंग्लंडमध्ये कवी आणि समीक्षक मॅथ्यू अर्नोल्डने 1865 साली माणसाच्या स्वभावाबद्दल लिहिताना हे स्टॉप ओढणं वापरलं, तेव्हा ते संगीताच्या बाहेर आलेलं दिसतं.

तर सरांचं म्हणणं एवढंच, की हाताशी जे जे आहे, माणसं, पैसा, ओळखी, ते सगळं लावा, काही राखून ठेवू नका. मराठीत लोक पटकन ‘जिवाचं रान करणे’ सांगतात, पण मला ते पूर्ण पटत नाही, कारण त्यात कष्ट जास्त दिसतात आणि इथे जोर साधनांवर आहे. ‘जंग जंग पछाडणे’ म्हटलं की बऱ्याचदा शेवटी हाती काही लागत नाही. ‘कंबर कसणे’ म्हणजे नुसती सुरुवात. सगळ्यात जवळचं ‘कुठलीही कसर न सोडणे’. मुलीच्या लग्नात आईवडलांनी हॉलपासून जेवणापर्यंत काही कमी पडू दिलं नाही, तर तिथे हे फिट्ट बसतं. भांडणाला मात्र लावू नका, कडाक्याच्या भांडणाला इंग्रजीत ‘हॅमर अँड टाँग्ज’ म्हणतात.

अप्रेझलमध्ये बिनधास्त लिहा, फक्त त्या एका लाँचबद्दल लिहा आणि ‘स्टॉप्स’ अनेकवचनीच ठेवा. वर्षभराच्या रोजच्या कामाला ते शोभणार नाही, तिथे सरळ ‘वर्क्ड हार्ड’ लिहा.