घाणेरी मुळासकट कशी काढावी

नुसत्या कोयत्याने छाटलेली घाणेरी (टणटणी किंवा लँटाना नावाचं रानझुडूप) पहिल्याच पावसात पुन्हा दाट फुटते. जाळली तरी तेच. खोड आणि मूळ जुळतं तिथे मातीलगत एक गाठ असते, सगळे फुटवे तिथूनच येतात. म्हणून आधी फांद्या कापून बुंधा मोकळा करा, मग कुदळीने माती उकरून गाठीच्या दोनेक इंच खाली मुख्य मूळ तोडा. झुडूप मुळं वर करून उन्हात वाळवा. ओल्या मातीला टेकलेली फांदीसुद्धा रुजते. नाशिककडची काळी माती उन्हाळ्यात दगड होते, तेव्हा दोन-तीन पाऊस झाल्यावरच हात घाला. काळी फळं दिसली तर आधी तीच तोडा, नाहीतर बुलबुल बिया बागभर पसरवतात. पाला शेळ्या-गाईंना अजिबात टाकू नका, विषारी आहे. नवी रोपं वीतभर असतानाच उपटा.