तारेविना चार्जिंग आणि जवळची माणसे

प्रश्न : तारेविना चार्ज होणारी छोटी विद्युत गाडी घेण्याचा विचार आहे. चार्जिंग चालू असताना लहान मूल जवळ गेले, तर अपाय होईल का?

उत्तर : जमिनीवरील पॅडमधून गाडीच्या तळाशी असलेल्या तारेच्या वेटोळ्याकडे ऊर्जा जाते ती बहुधा ८५ किलोहर्ट्झच्या (सेकंदाला सुमारे ८५ हजार आवर्तनांच्या) आसपासच्या चुंबकीय क्षेत्रातून. हे क्षेत्र क्ष-किरणांसारखे रेणू तोडत नाही. मात्र ते फार तीव्र असल्यास चेतातंतू उद्दीपित होऊ शकतात, म्हणून ‘आयसीएनआयआरपी’ या अशा प्रारणांपासूनच्या संरक्षणाचे निकष सुचवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २०१० साली सर्वसामान्यांसाठी या वारंवारितेला २७ मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्राची तीव्रता मोजण्याचे एकक) ही संदर्भपातळी, म्हणजे जिच्या आत राहणे सुरक्षित मानले जाते ती पातळी, सुचवली. अंतर वाढताच क्षेत्र झपाट्याने क्षीण होते. तरीही मोटारीचा रुंद धातूचा तळ जो आडोसा देतो, तो स्कूटरसारख्या छोट्या गाडीला नसतो. तेथे सारी भिस्त फेराइट (चुंबकीय क्षेत्राला वळवणारा पदार्थ) आणि अ‍ॅल्युमिनियमच्या कवचावर असते.

आमच्या मते अधिक काळजी पॅडमधल्या आणि गाडीच्या अशा दोन वेटोळ्यांमधल्या फटीची घ्यावी. तेथे घरंगळलेले नाणे किंवा चॉकलेटची चांदी भोवरी प्रवाहांमुळे (बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत गोल फिरणाऱ्या वीजप्रवाहांमुळे) चटका बसण्याइतकी तापते, आणि मूल नेमके तेच उचलायला हात घालते. त्यामुळे परकी वस्तू किंवा सजीव आढळताच वीजपुरवठा तोडणारी यंत्रणा असलेलाच चार्जर घ्यावा. घरात कोणाला पेसमेकर असल्यास सुरक्षित अंतर डॉक्टरांना आणि उत्पादकाला आधीच विचारावे.