बेसबॉलमध्ये खेळ साधारणच असलेला माणूस पुढे समालोचक म्हणून चालतो का?

तुम्ही लिहिलंय की भाचा अमेरिकेत कॉलेजच्या बेसबॉल संघात आहे, बहुतेक सामने बाकावर बसून काढतो आणि आता समालोचक व्हायचं म्हणतोय. निवृत्तीनंतर या धंद्यात शिरलेल्या खेळाडूंचं आयुष्य कसं असतं आणि खेळात नाव नसेल तर कुणी उभं करतं का, असा तुमचा प्रश्न आहे.

करतात. मी 2006 पासून मिलवॉकीजवळ राहते. इथल्या ब्रूअर्स या बेसबॉल संघाच्या सामन्यांना रेडिओवर 54 हंगाम एकच आवाज होता, 1971 ते 2024. बॉब युकर. याच गावात जन्मलेला माणूस. खेळाडू म्हणून त्याचे आकडे बघा : सहा हंगाम, 297 सामने, 14 होमरन (आपल्याकडचा षटकार म्हणा), बॅटिंग अॅव्हरेज बरोब्बर .200, म्हणजे पाचांत एकदाच फटका लागला, अगदीच कमी. 1964 साली सेंट लुईस कार्डिनल्सने वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम मालिका, जिंकली तेव्हा युकर संघात होता, पण सात सामन्यांत त्याला एक चेंडूही खेळायला मिळाला नाही. कॅचर म्हणून, म्हणजे बॅटवाल्याच्या मागे बसून चेंडू पकडायला, टिम मॅकार्व्हरच सगळं खेळला. 1967 साली फिल नीक्रो या पिचरचा (चेंडू टाकणाऱ्याचा) नकलबॉल, म्हणजे न फिरता डुलत येणारा चेंडू, अडवायचं काम युकरच्या वाट्याला आलं आणि त्या मोसमात हातून सर्वांत जास्त चेंडू सुटलेला कॅचर म्हणून त्याची नोंद झाली. नकलबॉल पकडायचा कसा, तर तो घरंगळायचा थांबला की जाऊन उचलायचा, असं तोच पुढे सांगायचा. त्याच वर्षी खेळ संपला.

आता मी एवढ्या तावातावाने का लिहितेय ते सांगते. 'ज्याला खेळता येत नाही तो माईक धरतो' हे वाक्य मी आमच्या घरात ऐकत मोठी झालेय. आम्ही कोल्हापूरचे. पेठेतल्या एका तालमीच्या फुटबॉल संघात माझे थोरले काका सेंटर फॉरवर्ड होते आणि माझे वडील, आप्पा, राखीव गोलकीपर. काकांना गल्लीतली पोरं खांद्यावर घेऊन नाचायची. आप्पा दिवसभर फाउंड्रीत साचे भरायचे आणि संध्याकाळी मैदानावर येऊन बहुतेक वेळ बाकावर बसायचे. खेळ सुटल्यावर स्पर्धांमध्ये लाऊडस्पीकरवर कॉमेंट्री करायला लागले. मी आठवीत असताना घरी पाहुणे जमले होते, कुणीतरी आप्पांच्या कॉमेंट्रीचं कौतुक केलं आणि काका सगळ्यांदेखत ते वाक्य बोलून गेले. आप्पा काही बोलले नाहीत. ताटातली भाकरी मोडून झाली, हात धुतला, उठले. पुढच्या मोसमापासून त्यांनी माईकला हात लावला नाही. तीस वर्षं होत आली, मला ते ताट अजून दिसतं.

2014 च्या उन्हाळ्यात आई-आप्पा इकडे आले. मी त्यांना मिलर पार्कला घेऊन गेले (आता त्या स्टेडियमला अमेरिकन फॅमिली फील्ड म्हणतात). त्याच वर्षी सगळ्यात वर, सेक्शन 422 मध्ये, शेवटच्या रांगेत युकरचा पुतळा बसवला होता. एका बिअरच्या जाहिरातीत त्याला पुढची सीट मिळणार अशी खात्री असते आणि नेऊन बसवतात पार मागे, म्हणून पुतळाही तिथेच. शेजारची जागा रिकामी ठेवलीय, कुणीही जाऊन बसावं. तिथे जवळच छताच्या आधाराआडून मैदान अर्धवट दिसणारी एक-एक डॉलरची तिकिटं तेव्हा असायची, त्यांना 'युकर सीट्स'च म्हणायचे. आम्ही तिथे बसलो.

आप्पांनी कोल्हापूरहून आपला ट्रान्झिस्टर आणला होता. मिडियम वेव्हला 620 वर काटा नेला आणि युकर लागला. आप्पांना इंग्रजी जेमतेम कळतं, बेसबॉल तर अजिबातच नाही. पहिल्या दोन इनिंग मी समजावत होते, मग त्यांनी हातानेच मला गप्प केलं. डोळे मिटले, ट्रान्झिस्टर कानाला. मैदान समोर असताना हा माणूस डोळे मिटून ऐकतोय, मला काही कळेना. पाचव्या-सहाव्या इनिंगला म्हणाले, "पिचर दमलाय त्यांचा." मी खाली बघितलं तर बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचर तयार होतात त्या जागी, दुसरा पिचर हात मोकळा करत होता. आवाजावरून ओळखलं होतं त्यांनी. मग एक होमरन बसला, युकरचं ते नेहमीचं 'गेट अप, गेट अप, गेट आउटा हिअर, गॉन!' झालं, सगळं स्टेडियम उठलं. आप्पा बसूनच. गलका ओसरल्यावर विचारलं, "ह्यो कीपर हुता काय गं?"

"कॅचर होता, आप्पा. म्हणजे कीपरच."

"तरीच. समदं मैदान ह्याच्या म्होरं हाय."

हेच तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे. बेसबॉलमध्ये बाकीचे आठ जण होम प्लेटकडे, म्हणजे बॅटवाला उभा असतो तिकडे, तोंड करून उभे असतात, एकटा कॅचर मैदानाकडे बघत बसलेला असतो. कुठला चेंडू टाकायचा याची खूण तो देतो, पिचरचा हात कधी जड झाला ते आधी त्याला कळतं. जो गॅरॅजिओला, युकर, मॅकार्व्हर, तिघेही कॅचर, तिघेही कधी ना कधी सेंट लुईसकडून खेळलेले आणि तिघांनाही समालोचनाचा सर्वोच्च मान, फोर्ड फ्रिक पुरस्कार, मिळाला : 1991, 2003 आणि 2012. राखीव कॅचर तर त्याहून जास्त बघतो. तो बुलपेनमध्ये पिचरांना तयार करतो, त्यांची गाऱ्हाणी ऐकतो आणि सामना पहिल्यापासून शेवटपर्यंत बघतो. ज्याला रोज चार वेळा बॅट घेऊन उभं राहायचंय तो स्वतःच्याच बॅटिंगचा विचार करत असतो.

युकरलाही माईक पहिल्या दिवशी मिळाला नव्हता. ब्रूअर्सचे मालक बड सेलिग यांनी आधी त्याला नवे खेळाडू हेरायला पाठवलं. त्याचा अहवाल बटाट्याचा लगदा आणि ग्रेव्हीचे डाग पडून आला, असं सेलिग सांगत आलेत. मग रेडिओवर बसवलं. तिथे मोसमाला 162 सामने, एप्रिलपासून सप्टेंबरअखेर जवळजवळ रोज, त्यातले निम्मे परगावी. उतारवयात त्याने बाहेरचे सामने कमी केले, रेडिओ सोडला नाही. संघ हरत असला की गोष्टी सांगायचा, सामना अटीतटीचा झाला की एकही शब्द जास्तीचा नाही. 2018 मध्ये ब्रूअर्सच्या खेळाडूंनी मत देऊन प्लेऑफच्या (मोसमाअखेरच्या बाद फेरीच्या) पैशातला पूर्ण वाटा त्याला दिला. .200 वाल्याला, खेळाडूंनी! त्याने तो दान केला.

3 ऑक्टोबर 2024 ला मी स्वयंपाकघरात ऐकत होते. नवव्या इनिंगमध्ये ब्रूअर्स 2-0 ने पुढे, आणि न्यूयॉर्क मेट्सच्या पीट अलोन्सोने तीन रनांचा होमरन मारला. त्या चेंडूबरोबर युकरचा आवाज खाली बसला. नव्वदीतला माणूस, कॅन्सरचे उपचार चालू. तो त्याचा शेवटचा सामना ठरला. 16 जानेवारी 2025 ला गेला. ब्रूअर्सनी वर्ल्ड सिरीज जिंकलेली त्याला बघायला मिळाली नाही.

थोडं दुसऱ्या बाजूचंही सांगते. मोठा खेळाडू चांगला समालोचक होतच नाही असं नाही. राल्फ काइनर हा 369 होमरनचा धनी, 1962 पासून पन्नास वर्षांवर मेट्सचे सामने सांगत होता. शिवाय युकरला मालकाची ओळख होती आणि गाव त्याचं स्वतःचं होतं. आज टीव्हीवर बहुतेक माजी खेळाडूंना विश्लेषणाचंच काम मिळतं, चेंडूमागून चेंडू सांगायचं काम त्यांना फारसं कुणी देत नाही. तुमच्या भाच्याने तीच कला आधी शिकावी, आणि तिची सुरुवात लहान गावांतल्या मायनर लीग, म्हणजे खालच्या पातळीच्या, संघांपासून होते. तिथे पगार अगदी बेताचा असतो, त्यामुळे पदवी पुरी केल्याशिवाय उडी मारू नये.

आणि त्याला कुणी काकांचं ते वाक्य ऐकवलं तर एवढं सांगा. काकांनी एका फायनलमध्ये शेवटच्या मिनिटाला डोक्याने मारलेला गोल आजही पेठेत लोक सांगतात. कॅमेरा नव्हता, फोटो नाही. लोक सांगतात ते शब्द आप्पांचे आहेत, त्या दिवशी लाऊडस्पीकरवर बोललेले. गेल्या दिवाळीत मी हे काकांना फोनवर म्हटलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "दे आप्पाकडं फोन." मी म्हटलं, काका, मी मिलवॉकीत आहे, आप्पा तुमच्या शेजारच्या घरात आहेत.

भाच्याला म्हणावं, पुढच्या सामन्यात बाकावर बसशील तेव्हा फोनवर तीन इनिंग बोलून रेकॉर्ड कर आणि बेसबॉल न कळणाऱ्या कुणाला तरी ऐकव.