२६० ला रीडिंग नाचतंय
प्रश्न: आमच्या कॉलेजच्या लॅबमधला यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र) ५४० नॅनोमीटरला मस्त चालतो पण २६० ला ब्लँक (नमुना नसलेलं नुसतं द्रावण) लावला तरी झिरो होत नाही, रीडिंग नुसतं नाचतं. दिवा गेला का सर?

उत्तर: एकदम दिव्यावर घसरू नका, आधी क्युव्हेट (द्रावण ठेवायची छोटी चौकोनी नळी) कसलं आहे ते बघा. काचेचं किंवा साध्या प्लास्टिकचं असेल तर २६० चा प्रकाश तेच खाऊन टाकतं, तिथे क्वार्ट्झ लागतं, आणि बऱ्याचदा घोळ इथेच असतो. कप्पा रिकामा ठेवूनही नाचत असेल तर मग ड्युटेरियम दिवा (२६० सारखा अतिनील प्रकाश देणारा) थकला असणार. ५४० ला टंगस्टन दिवा काम करतो म्हणून तिकडे काही कळत नाही. बदलायच्या आधी मशीन बंद करून गार होऊ द्या, नव्या दिव्याच्या काचेला उघडं बोट लावू नका. आणि हो, सकाळी चालू केल्या केल्या रीडिंग घेता का? अर्धा तास थांबा, तोवर चहा घेऊन या.