आधी नीट बघायला शिक
जुन्या चित्रांचं रिस्टोरेशन, म्हणजे जपून दुरुस्ती, शिकायचंय ना, मस्तच, पण सॉल्व्हंटची, म्हणजे वार्निश विरघळवणाऱ्या द्रवाची, घाई नको. राफाएल या इटालियन चित्रकाराचं 'पोप दहावा लिओ आणि दोन कार्डिनल' हे चित्र बघ, साधारण 1518 चं, लाकडी फळीवर तैलरंगात, फ्लोरेन्सला त्यावर 2017 ते 2020 काम चाललं, इतका वेळ लागतो.

सुरुवातीला एवढंच:
- टॉर्च बाजूने तिरका धर, रंगाचे सुटलेले पापुद्रे लगेच कळतात
- यूव्ही (अतिनील) दिव्याखाली जुनं वार्निश हिरवट चमकतं, नंतरचं रंगकाम गडद डागांसारखं दिसतं
- रंग फक्त उडालेल्या जागेतच, तोही परत काढता येईल असा

कॉमन चूक म्हणजे वार्निश पिवळं दिसलं की घासत सुटायचं. राफाएलच्या त्या चित्रात लालवर लाल आहे, मखमल, रेशीम, टेबलक्लॉथ, रंगाचा वरचा पातळ थर गेला की सगळं सपाट होतं आणि तो परत मिळत नाही. सरावाला बाजारातलं जुनं बिननावाचं चित्र घे, जमेल तुला.